टाकीजवळचे महाराज

भटूला महाराज कुणी केलं, यावर आमच्यात अजून वाद होतो. मयूर म्हणतो, कुणी केलं नाही, ते होतेच. कँटीनवाला म्हणतो, मी केलं, कारण 'महाराज, चहा घ्या' असं पहिल्यांदा मी म्हणालो. मला विचाराल तर त्या दिवसांत आम्हा सगळ्यांनाच कुणीतरी महाराज हवा होता, आणि भटू गप्प होता. तेवढं आम्हाला पुरलं.

जळगावच्या एका पाइप कारखान्यात आम्ही तपासणी विभागात होतो. आम्ही म्हणजे वीस-बावीस पोरं, बहुतेक बी.एस्सी., एखादा डिप्लोमावाला, आणि सगळे कराराने. वर्ष संपत आलं की करार वाढणार की नाही याची धाकधूक सुरू व्हायची, आणि ती संपेपर्यंत पुढचं वर्ष संपत आलेलं असायचं. वय पंचविशीच्या आगेमागे. निम्म्यांनी स्पर्धा परीक्षा देऊन सोडलेल्या, उरलेल्यांनी सोडल्या नाहीत असं घरी सांगितलेलं. पुण्याला गेलेले मित्र स्टेटसला गाडीचे फोटो टाकायचे. मुलगी पाहायला गेलं की चहाच्या आधी प्रश्न यायचा, "परमनंट आहात का?" मी स्वतः पाचोऱ्याचा. काही महिने रेल्वेने अप-डाऊन केलं, जीव मेटाकुटीला आला, मग पिंप्राळ्यात एक खोली घेतली. त्या खोलीत मी, मयूर आणि नव्याने आलेला भटू.

भटू धुळ्याच्या पुढचा, साक्री रस्त्यावरच्या एका गावातला. अंगाने किरकोळ, डोळे मोठे, आणि मान किंचित एका बाजूला कललेली, त्यामुळे तो सतत कुणाचं तरी ऐकतोय असं वाटायचं. आल्या आल्या त्याने सांगितलं की मला बी. आर. म्हणा. आम्ही अर्थातच भटूच म्हणू लागलो.

पहिल्या आठवड्यात तो बोलत होता, हे आता कुणाला आठवत नाही. मला आठवतं, कारण कँटीनमध्ये मी त्याच्या शेजारीच बसलो होतो. शेवभाजी चांगली झाली होती. भटूने ताट पुढे केलं आणि वाढप्याला मोकळेपणाने विचारलं, "भाजी शे का आखो?" टेबलावरचं एकजण हसलं, मग दुसरं, मग सगळे. दिवसभर पोरांना चाळाच लागला. व्हर्निअर शे का, पेन शे का, साहेब शे का. गंमत अशी की हसणाऱ्यांपैकी निम्मे घरी गेल्यावर तेच बोलणारे. माझी आजी जन्मात दुसरं काही बोलली नाही. पण कंपनीच्या गेटातून आत येताना आम्ही आपापली अहिराणी बोली सायकलसारखी बाहेर लावून येत होतो, आणि भटू ती आत घेऊन आला होता. तो आमच्याबरोबर हसला, ताटात पाणी ओतून उठला, आणि त्या दिवसानंतर कंपनीत त्याचा आवाज जवळजवळ बंदच झाला.

गप्प बसला म्हणजे अगदीच मुका झाला नाही. त्याने काही शब्द निवडून ठेवले होते. 'बरं', 'हां', 'मग?', 'होईल'. कुठल्याही गावचा माणूस सारखेच म्हणेल असे हे शब्द. एवढ्यावर त्याचं सगळं भागायचं. अहवाल मात्र असा सुरेख लिहायचा की साहेबांनी तो नमुना म्हणून भिंतीवर लावला होता. आणि सकाळी न्हाणीघरात नळ पूर्ण सोडून तो पेपरातला अग्रलेख मोठ्याने वाचायचा. पाण्याच्या आवाजात आपलं कुणाला ऐकू येत नाही अशी त्याची समजूत होती. खोलीच एवढीशी, आम्हाला सगळं ऐकू यायचं. "सदर धोरणाचा पुनर्विचार होणे अगत्याचे आहे," असं तो पुन्हा पुन्हा घोकायचा. मयूरला वाटायचं महाराज स्तोत्र म्हणतात.

त्याचं महाराजपण वाढलं ते टाकीमुळे. आमच्याकडे प्रत्येक लॉटमधला पाइपाचा तुकडा दोन्ही टोकांना बंद करून पाण्याच्या टाकीत सोडायचा, आत दाब द्यायचा आणि काटा हलतो का ते बघत बसायचं. टेस्ट लावली की ती संपेपर्यंत जागचं हलायचं नाही, काट्यावरची नजरही काढायची नाही. सगळे हे काम टाळायचे. भटूने ते मागून घेतलं, कारण तिथे कुणाशी बोलावं लागत नव्हतं. झालं भलतंच. माणूस जागेवरून उठणार नाही, आपल्याकडे बघणार नाही, मध्ये तोंड घालणार नाही, आणि मान मात्र आपल्याकडे कललेली. मन मोकळं करायला याहून चांगली जागा कुठे मिळणार? एकेक जण बादली उपडी टाकून त्याच्या शेजारी बसू लागला. वडलांशी अबोला धरलेला, नकार आलेला, पेपर अर्धवट सोडून आलेला. बोलून बोलून मोकळा झाला की भटू म्हणायचा, "होईल." पोरगं डोळे पुसून उठायचं आणि बाहेर येऊन सांगायचं, महाराज म्हणाले, होईल.

मग त्याच्या प्रत्येक गोष्टीला अर्थ चिकटू लागला. त्याला आम्लपित्त होतं म्हणून चहा बंद होता. तर महाराजांनी चहा सोडला. पायाला चिखल्या झाल्या म्हणून डॉक्टरने पाय मोकळे ठेवायला सांगितले, तो गच्चीवर अनवाणी फिरायचा; तर महाराज अनवाणी असतात. शनिवारी सकाळी तो कॉलनीतल्या मारुतीच्या देवळात कट्ट्यावर जाऊन बसायचा. तिथे काय करतोस, असं मी एकदा विचारलं. तो म्हणाला, "तिथे म्हाताऱ्या असतात. त्या काही विचारत नाहीत." हे मी मयूरला सांगितलं, तर त्याने डोळे मिटून मान हलवली. म्हणाला, "काय वाक्य आहे!" मी कपाळावर हात मारून घेतला.

आमची थट्टा करणं सोपं आहे, मीही करतोच. पण त्या वयातली ती पोकळी खरी होती. मोबाइलमध्ये तर उपदेशांचा बाजार भरलेला. पहाटे उठा, श्वास मोजा, स्वतःवर प्रेम करा, आणि खाली कोर्सची जाहिरात. पोरं तेही करून बघायची. मयूरने ध्यानाचं एक ॲप घेतलं होतं, त्यातली बाई हळू आवाजात सांगायची, तुम्ही जसे आहात तसे पूर्ण आहात. मयूर म्हणायचा, "हिला सांगा की आमच्या एचआरला फोन कर म्हणावं." त्यापेक्षा टाकीजवळचा भटू कितीतरी खरा वाटायचा. दर गुरुवारी संध्याकाळी पोरं आमच्या खोलीवर जमू लागली. कुणी केळी आणायचं, कुणी उदबत्ती. मधोमध भटू, चटईवर अवघडून बसलेला, हात मांडीवर जुळवलेले. सगळे गेल्यावर तो उदबत्ती विझवायचा, खिडकी उघडायचा आणि केळी खायचा. तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर शाळा सुटल्यासारखा भाव असायचा.

श्रावणात तो कानबाई देवीच्या सणासाठी गावी जायला निघाला. आमच्याकडे कानबाई म्हणजे दिवाळीपेक्षा मोठं काम. मुंबई-सुरतेला गेलेली माणसंसुद्धा झाडून घरी येतात. मयूरला यायचं होतं, भटूने त्याला कसंबसं टाळलं. मी धुळ्यात मावशीकडे जाणारच होतो, म्हणून त्याच्याबरोबर बसमध्ये बसलो, आणि गप्पांच्या नादात मावशीला सोडून थेट त्याच्या गावी पोचलो. गप्पांच्या नादात म्हणजे माझ्या. तो 'हां' म्हणत होता.

गाव आलं. बसमधून भटू उतरला तो कंपनीतला नव्हताच. पारावरून हाक आली, "भट्या, उना का रे!" आणि या माणसाने दोन्ही हात हवेत फेकून अशी आरोळी ठोकली की मी दचकून मागे झालो. घरापर्यंत जाईस्तोवर त्याने एसटीच्या कंडक्टरची नक्कल केली, तलाठ्याची केली, एका चुलत्याच्या चालण्याची त्या चुलत्यासमोरच केली. पोरंटोरं मागे लागली. भट्या म्हणजे गावाचं करमणुकीचं खातं होतं, हे मला तेव्हा कळलं.

घरात कानबाईच्या रोटाचे, म्हणजे प्रसादाच्या पोळ्यांचे, गहू निघाले होते. त्यांच्याकडे घरातल्या प्रत्येक पुरुषमाणसाच्या नावाने सव्वा मूठ गहू घेतात, मग तो माणूस कुठेही असो. भटूची आई जात्याजवळ बसून नावं घेत मुठी टाकत होती. भटूचं नाव आलं तेव्हा तो स्वतःच समोर उभा. तिने मूठ भरली, तोंडाकडे बघितलं आणि म्हणाली, "वाळी गया रे मना आंडोर." पोरगा वाळला म्हणे. मग माझ्याकडे वळली. "ये भो, बठ. आमना भटू तठे बोलस का नही? घर तं याना तोंडले कुलूपच नही."

मी भटूकडे बघितलं. तो माझ्याकडे न बघता दाराच्या कडीशी खेळत होता. मी म्हणालो, "बोलतो की माय. सगळे त्याचंच ऐकतात." खोटं काहीच नव्हतं त्यात.

रोट भाऊबंदांनीच खायचा असतो, म्हणून मला वेगळं ताट, वरण-बट्टी आणि गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची, भाजी. दुसऱ्या दिवशी विसर्जनाची मिरवणूक निघाली. बाया डोक्यावर कानबाई घेऊन नाचत होत्या, आणि पुढे भटू गाणी सांगत होता. एक ओळ तो घालायचा, मग सगळं गाव. गळा असा मोकळा, की टाकीजवळ बसणाऱ्या माणसाच्या छातीत हे सगळं कुठे मावत होतं देव जाणे. नदीवरून परत येताना घामाने निथळत तो माझ्या शेजारी बसला. मी सहज म्हणालो, "आणि आम्ही तुला मौनी महाराज समजतो." तो खो खो हसला. म्हणाला, "आमनी कानबाई लोकेसले नाचाले लावस रे, गप बठाले नही." त्याच्या तोंडून मी ऐकलेलं धर्माबद्दलचं एकमेव वाक्य ते, आणि ते ऐकायला शिष्यांपैकी कुणी नव्हतं.

परतीच्या बसमध्ये धुळ्यापर्यंत तो बोलतच होता. पारोळा येईपर्यंत आवाज खाली आला. एरंडोल गेलं आणि त्याची भाषा बदलली. जळगाव दिसायला लागल्यावर तो म्हणाला, "कंपनीत काही सांगू नकोस." मी विचारलं, अरे पण का? त्यात लाजण्यासारखं काय? त्याने खिडकीबाहेर बघितलं. "तुम्हाला सवय झाली आहे," तो म्हणाला. मी कुणाला सांगितलं नाही. ते चांगलं केलं की वाईट, हे मला अजून ठरवता येत नाही.

दिवाळीनंतर त्याचं नशीब उघडायची वेळ आली. कंपनीला धुळ्याच्या पट्ट्यात गावोगाव फिरून शेतकऱ्यांना ठिबक समजावून सांगणारा माणूस हवा होता. जागा परमनंट, मोटारसायकल कंपनीची. साहेबांनी भटूचं नाव सुचवलं, कारण तो त्या भागातला आणि अहवाल भिंतीवरचा. मला तर वाटलं, देवाने ही जागा याच्यासाठीच काढली. भटू माणसात उभा राहणार, आपल्या बोलीत बोलणार, पोट धरधरून हसवणार, आणि वर पगार. मी त्याला म्हणालो, "भटू, फक्त गावात बोलतोस तसं बोल." तो म्हणाला, "साहेब असणार."

चाचणी पारोळ्याजवळच्या एका गावात ठेवली होती. सामान लावायला म्हणून मीही गेलो. लिंबाखाली शेतकरी बसलेले, बाजूला खुर्च्यांवर आमचे साहेब आणि मुंबईहून आलेले दोन अधिकारी. भटू उभा राहिला आणि सुरू झाला. "सदर प्रणालीद्वारे जलव्यवस्थापन करणे अगत्याचे आहे." मी मान खाली घातली. न्हाणीघरातला अग्रलेख होता तो. शब्द एकही चुकला नाही, आणि माणसं एकेक करून तंबाखू मळायला लागली. मागून एक म्हातारा आपल्या शेजाऱ्याला म्हणाला, "हाऊ पोऱ्या कोन्ता गावना शे?" मग त्यानेच भटूला विचारलं, "दादा, या नळीमा कचरा अडकना तं काय करानं?" किती साधा प्रश्न! भटूच्या डोळ्यांत क्षणभर तो पारावरचा भट्या चमकून गेला. ओठ हलले. त्याने खुर्च्यांकडे बघितलं. मग म्हणाला, "त्याकरिता गाळणयंत्राची नियमित स्वच्छता आवश्यक असते." म्हातारा "बरं, सायेब" म्हणाला आणि उठून गेला. जागा नाशिकच्या एका पोराला मिळाली.

त्यावर भटू काही बोलला नाही. बोलला नाही म्हणून कुणाला काही वाटलंही नाही. पोरं म्हणाली, महाराजांना मोह नाही. तो टाकीपाशी बसत राहिला, पण काट्यावरून त्याची नजर निसटू लागली होती. एकदा पाइप फुटून पाणी अंगावर उडालं तरी तो तसाच बसून होता. रात्री झोप लागत नसे, हे मला त्याच्या कूस बदलण्यावरून कळायचं. विचारलं की उत्तर ठरलेलं, "होईल."

आणि मग तो गुरुवार आला. मयूरचं जमलेलं लग्न मोडलं होतं. साखरपुड्याची तारीख धरलेली, आणि मुलीच्या मामाने कुठूनतरी काढलं की करार या वेळी वाढणार नाही. मयूर दुपारपासून खोलीत भिंतीकडे तोंड करून पडला होता. संध्याकाळी पोरं जमली तेव्हा तो उठून भटूच्या समोर बसला आणि शांतपणे म्हणाला, "महाराज, मला आता राहावंसंच वाटत नाही. काय करू?"

सगळ्यांचे डोळे भटूवर. मी बघत होतो. त्याचे मांडीवर जुळवलेले हात सुटले. आणि एकदम त्याने पुढे होऊन मयूरचे दोन्ही खांदे धरले.

"आरे येडा शे का तू?" तो ओरडलाच. "असा काय बोली राहिना? माले काय इचारस? माले काही समजत नही! मी कसाना महाराज रे? माले बी भेव लागस. माले बी झोप येत नही. ती नोकरी गयी तधपासून मी बी तोच इचार करी राहिंतू, का आपलं काय व्हई. लोके हसतीन म्हनीसन मी गप बठस, बस. दुसरं काहीच नही!" आणि तो रडायला लागला. तोंड वेडंवाकडं करून, लहान पोर रडतं तसा.

मयूरही रडला. त्याच्या गळ्यात पडून, हुंदके देऊन, सगळं बाहेर येईपर्यंत रडला. त्या दिवशी मयूर वाचला, हे मी आजही कबूल करतो. दुसऱ्या दिवशी तो कामावर आला, आठवड्याने बहिणीकडे जाऊन राहून आला, हळूहळू सावरला. पण रडणं थांबल्यावर त्याने केलं काय? मागे सरकला आणि भटूच्या पायांवर डोकं ठेवलं. त्याच्यामागून दुसरा वाकला. मग तिसरा. एकजण डोळे पुसत म्हणाला, "आपल्यासाठी स्वतःला किती लहान करून घेतलं महाराजांनी." भटू "नही, नही" म्हणत पाय ओढून घेत होता, आणि तो पाय जितके मागे घेई तितकी पोरं पुढे सरकत.

सकाळी कंपनीभर झालं की महाराजांनी अहिराणीतून उपदेश केला. ज्या कँटीनमध्ये 'शे का' म्हणून पोरं हसली होती, तिथेच एकाने येऊन हात जोडले. "महाराज, काल जे बोललात ते परत एकदा बोला ना. रेकॉर्ड करून घेतो. फार लोकांना उपयोग होईल." दुसरा म्हणाला, आता कुणी हसणार नाही, उलट हेच चालतं आजकाल. भटूने त्या दोघांकडे बघितलं. इतकं थकलेलं माणूस मी फार कमी वेळा बघितलं आहे. त्याला भीती कसली वाटते, झोप का लागत नाही, हे त्या दिवशी कुणीही विचारलं नाही. माणूस स्वतःच्या तोंडाने 'मी हा असा आहे' म्हणून सांगतो, आणि समोरचे त्याला हार घालतात. यावर त्याने आणखी काय करायचं बाकी होतं?

रविवारी त्याने बॅग भरली. "घरी जाऊन येतो," म्हणाला. चटई गुंडाळून भिंतीला नीट उभी केली. मारुतीपर्यंत मी त्याच्याबरोबर गेलो, पुढे त्याने रिक्षा केली. तो परत आला नाही. फोन लागेना. आम्ही जळगावात काही दिवस शोधलं; त्याचं गाव मला ठाऊक होतं, पण महाराजांना शोधत तिथे जायला माझा पाय निघेना. मग ज्याचे त्याचे करार, ज्याचं त्याचं लग्न, आणि वर्षं गेली. मयूर कायम झाला, मी कंपनी सोडून एका शाळेत लागलो. गुरुवार बंद पडले. पण मयूरने भटूचा एक फोटो, टाकीजवळ बसलेला, मोठा करून घरात लावला आहे. मयूरचं हल्ली घरात बरं चाललेलं नाही. मागच्या महिन्यात मी शाळेच्या कामासाठी धुळ्याला निघालो तर म्हणाला, "त्या बाजूला महाराज कुठे दिसले तर बघ. मला एकदा भेटायचंय. ते असते तर मी असा झालो नसतो."

काम दुपारीच आटोपलं. मार्केट यार्डच्या रस्त्याने परत येताना हसण्याचा मोठा गलका ऐकू आला. ठिबकचं सामान विकणारं एक छोटं दुकान, दारात नळ्यांची वेटोळी रचलेली, आणि त्यावर बसलेले सात-आठ शेतकरी. मधोमध उभा राहून एकजण काहीतरी सांगत होता. पोट सुटलेलं, कानशिलं पिकू लागलेली, पण मान त्याच बाजूला कललेली. भटू! रस्त्याच्या पलीकडे, रसवंतीच्या सावलीत मी थांबलो.

"तं मंग काय," तो सांगत होता, "डुक्कर उनं, नळी तोंडमा धरी, आनि मनाकडे दखीसन कसं म्हने, भटूभाऊ, पानी बारीक शे!" आणि त्याने ते डुक्कर असं उभं केलं, गाल फुगवून, डोळे बारीक करून, की एक म्हातारा हसता हसता वेटोळ्यावरून खाली घसरला. मीही एकटाच हसत होतो. मला इतका आनंद झाला की विचार न करता मी रस्ता ओलांडला.

"कसा शे रे भटू?" मी म्हणालो. मोठ्याने, मुद्दाम.

त्याने वळून बघितलं. ओळख पटली, चेहरा उजळला, अगदी खरा उजळला. आणि दुसऱ्याच क्षणी, माझ्या डोळ्यांदेखत, तो मावळला. पाठ ताठ झाली. हात एकमेकांत गुंतून पोटापाशी आले.

"या," तो म्हणाला. "आपण कधी आलात? बसा ना."

मला तो कधीच 'आपण' म्हणाला नव्हता. एका खोलीत राहिलो होतो आम्ही, एका डब्यात जेवलो होतो. मी पुन्हा अहिराणीतच काहीबाही बोलून बघितलं, आईची चौकशी केली. तो शुद्ध मराठीत उत्तरं देत राहिला. आई बऱ्या आहेत. व्यवसाय ठीक आहे. वेटोळ्यांवरची माणसं आधी त्याच्याकडे, मग माझ्याकडे बघू लागली. एकाने हळूच विचारलं, "काय रे भटू, सायेब शेतस का ह्या?" भटू कसनुसं हसला. कुणी टोपी घातली, कुणी पिशवी उचलली. ऐन रंगात आलेली बैठक माझ्यामुळे उठायला लागली होती.

"जेवून जा," तो म्हणाला. ते मात्र मनापासून होतं. डोळे ओले झाले होते त्याचे. मयूरचं नाव माझ्या जिभेवर होतं. मी ते गिळलं, बस गाठायची आहे असं काहीतरी सांगितलं आणि निघालो. तो दोन पावलं माझ्यामागे आला आणि थांबला.

कोपरा वळून मी भिंतीला टेकून उभा राहिलो. काही ऐकू येईना. फक्त ट्रकचे हॉर्न. बऱ्याच वेळाने कुणीतरी काहीतरी विचारलं, भटूचा आवाज आला, आधी दबका, मग चढत चढत, आणि मग तो गलका पुन्हा फुटला. मला फार वाटलं की परत जावं, दूर उभं राहून नुसतं ऐकावं. गेलो नाही.

रिक्षात बसलो तोच मयूरचा फोन आला. "धुळ्यात आहेस ना अजून? महाराजांचं काही कळलं?"

त्याचा आवाज खोल गेलेला होता.

"नाही रे," मी म्हणालो. "इथे कुणी महाराज नाहीत. पण मी येतोय. घरीच थांब, आपण बोलू."